छोट्या लेबलनं परत काढलेलं संगीत फुकट डाउनलोड करावं का?

मध्यलय

आमच्या गाणं ऐकणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा कुणीतरी चरणजित सिंग यांच्या 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट'ची झिप फाईल टाकली. पटापट अंगठे आले, लोकांनी ती पुढच्या ग्रुपांवरही ढकलली. मी एवढंच लिहिलं की ही फाईल कुणी घरच्या जुन्या तबकडीवरून केलेली नाही, एका छोट्या डच लेबलनं, म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीनं, २०१० साली काढलेल्या आवृत्तीची आहे, तेव्हा ती अशी वाटू नका. त्यावर "एवढ्या जुन्या गाण्यांचे कसले पैसे मागता?" असा प्रश्न आला. त्याचं उत्तर दोन ओळींत देता येईना, म्हणून इथे चर्चेसाठी सविस्तर लिहितोय.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी. चरणजित सिंग मुंबईचे. हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांत गिटार, बेस, पुढे सिंथेसायझर वाजवणारे वादक; ज्यांचं वाजवणं घराघरांत पोचलं आणि नाव मात्र रेकॉर्डच्या पाठीवरही सहसा आलं नाही, अशांपैकी एक. १९८२ साली त्यांनी रोलँड कंपनीची ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ ही स्वर, बेस आणि ठेका देणारी तीन यंत्रं एकत्र जोडली आणि भैरव, ललित, तोडी, मेघमल्हार, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. एचएमव्हीनं काढलेला तो रेकॉर्ड चालला नाही. पुढे १९८७ साली शिकागोतून त्याच टीबी-३०३च्या पिळवटलेल्या आवाजावर उभा राहिलेला 'अ‍ॅसिड हाऊस' हा नृत्यसंगीताचा प्रकार बाहेर आला आणि जगभर नाचला गेला. मुंबईत तो आवाज आधीच वाजून गेलाय याची तिकडे कुणाला गंधवार्ता नव्हती, आणि इकडेही नव्हती.

२००२ साली एदो बाऊमन या डच संग्राहकाला दिल्लीत ती तबकडी मिळाली. त्यानं मुंबईत सिंग यांना शोधून काढलं आणि २०१० साली 'बॉम्बे कनेक्शन' या आपल्या लेबलवर ती पुन्हा काढली. त्यानंतर सत्तरी ओलांडलेले चरणजित सिंग युरोपात जाऊन मंचावर तेच राग वाजवत होते. २०१५ साली ते गेले. म्हणजे आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यात का होईना, त्यांच्या वाट्याला त्यांचे स्वतःचे श्रोते आले.

माझं म्हणणं असं. जे संगीत कुठेच मिळत नाही, ते कुणी आपल्या संग्रहातून वाटलं तर मी त्याला हात जोडतो. पण एखाद्यानं कलाकाराचा पत्ता शोधला, परवाने घेतले, आवाज साफ केला, खिशातले पैसे घालून पाचशे-हजार प्रती छापल्या, तर त्याच्या त्या कामाची फाईल फुकट वाटणं म्हणजे पुढचा रेकॉर्ड निघणार नाही याची सोय करणं. मोठ्या कंपनीला आपल्या डाउनलोडनं ओरखडाही उठत नाही. पाचशे प्रतींवर चालणाऱ्या माणसाचं गणित शेवटच्या शंभर प्रतींवर अवलंबून असतं. पहिल्या चारशेत खर्च निघतो, पुढच्या रेकॉर्डचं भांडवल त्या शंभरांतून उभं राहतं.

कसबापेठी

मध्यलय, कळकळ पोचली, पण पूर्ण असहमत.

तुम्ही चरणजित सिंगांचं उदाहरण दिलंत, मी रूपा विश्वास यांचं देतो. कोलकात्याची मुलगी, १९८१ साली कॅनडात कॅलगरीला गेलेली असताना तिथे एक रेकॉर्ड करते. सरोदवर आशिष खाँ. नाव 'डिस्को जॅझ'. १९८२ मध्ये मेगाफोन कंपनी तो भारतात काढते, कुणी विचारत नाही, बाई संसाराला लागतात. पुढे कित्येक वर्षं शांतता. मग कुणीतरी परवानगीबिरवानगी न घेता त्यातलं 'आज शनिबार' यूट्यूबवर चढवतं. लाखो लोक ऐकतात. आपल्या आईनं असा काही रेकॉर्ड केला होता आणि जग त्याच्यासाठी वेडं झालंय हे मुलाला इंटरनेटवरून कळतं. त्यानंतर २०१९ साली शिकागोचं 'न्यूमेरो ग्रुप' हे लेबल तो रीतसर परत काढतं.

यात आधी काय झालं ते बघा. आधी फुकट, मग लेबल. फुकट वाटणारा तो अनामिक माणूस नसता तर न्यूमेरोला रूपा विश्वास यांच्याकडे जायचं सुचलं असतं का? पुनर्प्रकाशन करणाऱ्या बहुतेक लेबलांची बाजारपेठ या ब्लॉगवाल्यांनी आणि यूट्यूबवाल्यांनी तयार केलेली आहे, तीही पदरमोड करून आणि कायद्याचा धोका पत्करून. २०१२ च्या जानेवारीत फाईली ठेवायचं मेगाअपलोड हे संकेतस्थळ बंद पडलं तेव्हा हजारो दुर्मीळ रेकॉर्डांचे दुवे एका रात्रीत मेले. २०१६ साली सभासदांनी आपसांत संगीत वाटायचं 'व्हॉट डॉट सीडी' हे संकेतस्थळ बंद झालं तेव्हा तर आवृत्तीनिहाय नोंदी असलेली अख्खी सूचीच गेली, जी कुठल्याही कंपनीनं कधी केली नव्हती.

आणि दुसरं, खिशाचं. परदेशी लेबलचा एक रेकॉर्ड, त्यावर टपालखर्च, त्यावर सीमाशुल्क. पुण्यात खोली भाड्यानं घेऊन शिकणाऱ्या मुलाच्या महिन्याच्या खाणावळीएवढी रक्कम होते. तो तसाही विकत घेणार नव्हता. त्यानं ऐकलं म्हणून कुणाचं नुकसान झालं, हे मला कुणीतरी नीट समजावून सांगावं.

उत्रेख्तकर

कसबापेठी, टपालखर्चाचं म्हणणं तबकडीपुरतं मान्य. पण आता बहुतेक छोटी लेबलं डिजिटल प्रतही ठेवतात. बँडकँप या संगीत विकणाऱ्या संकेतस्थळावर गाणी आधी ऐकायला मिळतात, आवडली तर पूर्ण दर्जाच्या फाईली थोड्या पैशांत विकत मिळतात. बँडकँप डिजिटल विक्रीवर १५ टक्के घेतं आणि तबकडी-कॅसेटवर १०. व्यवहारशुल्क सोडलं तर उरलेलं लेबलकडे. मार्च २०२० पासून ते ठरावीक शुक्रवारी आपला वाटाही सोडतात. इथले माझे मित्र त्या शुक्रवारची यादी करून ठेवतात.

त्याउलट स्पॉटिफायनं २०२४ पासून असा नियम केला की वर्षभरात एक हजारापेक्षा कमी वेळा वाजलेल्या गाण्याला काहीच मिळणार नाही. दुर्मीळ संगीत म्हणजे नेमकी हीच गाणी. मग तिथे मी महिन्याची वर्गणी भरून 'कायदेशीर' ऐकलं, तरी त्या वादकाच्या घरी दमडी जात नाही. म्हणून माझा आग्रह एवढाच आहे की खर्चायला महिन्याला जे काही शंभर-दोनशे असतील, ते थेट पोचतील अशा ठिकाणी खर्चा. 'तो तसाही घेणार नव्हता' हे वाक्य मी ज्यांच्याकडून ऐकतो त्यांच्या हातात बऱ्याचदा शेवग्यासारखा लांबलचक महागडा फोन असतो, हे आदरपूर्वक नमूद करतो.

कसबापेठी

फोनचा मुद्दा वैयक्तिक आहे, सोडून देतो. बँडकँपचा चांगला आहे. पण तेही २०२२ मध्ये एका गेम कंपनीला विकलं गेलं आणि पुढच्याच वर्षी दुसऱ्या कंपनीला, आणि त्यात निम्म्याच्या आसपास कर्मचारी गेले. उद्या ते बंद पडलं तर तुमच्या खरेदीचं, आणि त्या लेबलांच्या पानांचं काय? ज्यांच्या हार्ड डिस्कवर फाईली आहेत त्यांच्याकडेच यायला लागेल.

जुनी सुई

मी मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या जमवतो आणि त्या डिजिटल करतो, म्हणून दोन्ही बाजूंना थोडा लागतो. फुकट वाटणाऱ्यांतही मी आहे आणि लेबलांचा रेकॉर्ड विकत घेणाऱ्यांतही.

'जुन्या गाण्याचे कसले पैसे' या प्रश्नाचं उत्तर कामाच्या जागी मिळतं, म्हणून एक तबकडी कशी उतरते ते सांगतो. चोरबाजारात किंवा कुणाच्या माळ्यावर मिळालेली तबकडी आधी धुवायची. लाखेची असल्यामुळे स्पिरिट अजिबात लावायचं नाही, लाख विरघळते. शुद्ध पाणी, नावाला साबण, मऊ ब्रश. मग सुई. एलपीची, म्हणजे नंतरच्या ३३ फेऱ्यांच्या तबकडीची, सुई इथे चालत नाही, ती खाचेच्या तळाशी घसरत राहते आणि नुसती खरखर ऐकू येते. ७८ च्या खाचेला सुमारे तीन-चार पट रुंद टोकाची सुई लागते, आणि तबकडी किती झिजलीय त्याप्रमाणे थोडी जाड किंवा बारीक सुई लावली की आधी न झिजलेला खाचेचा भाग वाचता येतो. एका तबकडीसाठी सुया बदलून बदलून बघतो.

त्यानंतर वेग. नावाला ७८, पण सुरुवातीच्या काळात ध्वनिमुद्रण करणाऱ्यानं यंत्र किती वेगानं फिरवलं त्यावर सगळं. ७४ वर भरलेली तबकडी ७८ वर लावली की जवळपास अर्धा स्वर चढतो, काळी एकमध्ये गाणारा गवई पांढरी दोनमध्ये गायला लागतो, ताना खऱ्यापेक्षा चपळ वाटतात आणि गळा बारीक होतो. नेटवर फिरणाऱ्या कितीतरी फाईली अशा चढ्या आहेत, आणि त्या ऐकून लोक 'त्या काळचे आवाज किती उंच होते' असं म्हणतात. बरोबर वेग ठरवायला त्या गवयाच्या बाकी तबकड्या, साथीची पेटी, कुठल्या पट्टीत तो गायचा याची जुन्या माणसांकडून मिळालेली माहिती, हे सगळं ताडून बघावं लागतं. मग खरखर काढायची, तीही बेतानं. एका बटणात खरखर जाते आणि तिच्याबरोबर तंबोरा आणि गवयाचा श्वासही जातो.

एका बाजूच्या तीन-साडेतीन मिनिटांसाठी माझी अख्खी संध्याकाळ जाते. मी हे आवडीनं करतो, मला पगार आहे. पण ज्यानं हा उद्योग धरलाय, जो वर परवान्याचे पैसे भरतो, माहितीपुस्तिका लिहून घेतो, छापतो, त्यानं तोही 'आवडीनं' करावा असं आपण कुठल्या तोंडानं म्हणायचं?

मला चीड येते ती वेगळ्या गोष्टीची. कष्टानं लिहिलेली माहितीपुस्तिका फाईलबरोबर कधीच जात नाही. गाणं जातं, तबल्यावर कोण, पेटीवर कोण, कुठल्या साली, सगळं गळून पडतं. मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था १९९० पासून आहे, त्यांच्या अंकांतून सुरेश चांदवणकरांसारख्या मंडळींनी हीच नावं जपण्यासाठी वर्षानुवर्षं लिहिलंय. ते सगळं एका 'ट्रॅक ०३'मध्ये संपतं.

पक्षकार

कायद्याची बाजू कुणी मांडली नाही म्हणून लिहिते. व्यवसायानं वकील आहे.

भारतात ध्वनिमुद्रणावरचा हक्क ते ज्या साली प्रसिद्ध झालं त्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. १९९२ पूर्वी ही मुदत ५० होती. म्हणजे 'जुनी सुई' ज्या १९१०-२०-३० च्या तबकड्या वाटतात, त्यांच्या ध्वनिमुद्रणाचा हक्क कधीच संपलाय. फक्त कवी आणि संगीतकाराचा हक्क स्वतंत्र असतो, तो त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, हे लक्षात ठेवा. याउलट १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या रेकॉर्डचा हक्क २०४२ संपेपर्यंत आहे. त्यामुळे 'एवढं जुनं' हे कायद्यात उत्तर नाही.

मात्र मध्यलय, तुमच्या मांडणीतली एक गोष्ट मला खटकते. हक्क म्हणजे कलाकाराचा हक्क असं तुम्ही धरून चाललाय. आपल्याकडे बहुतेक वेळा ध्वनिमुद्रणाचा मालक कंपनी असते. वादकाला त्या दिवसाचे पैसे मिळाले की विषय संपला. २०१२ च्या दुरुस्तीनं कवी-संगीतकारांना आणि सादरकर्त्यांना मानधनाच्या वाट्याबद्दल काही हक्क दिले, पण ऐंशीच्या दशकात कागदावर सही करून बसलेल्या वादकाला त्याचा कितपत उपयोग होतो, हा प्रश्नच आहे. तेव्हा छोट्या लेबलनं मूळ कंपनीकडून चोख परवाना घेतला, तरी कलाकाराला देणं त्याच्यावर बंधनकारक नसतं. काही देतात, ते त्यांच्या सचोटीवर. फुकट डाउनलोड करू नका हे मी म्हणेनच, पण विकत घेताना 'यातलं वादकाला काय मिळतं' हेही लेबलला पत्र लिहून विचारा. जी लेबलं नीट आहेत ती उत्तर देतात.

आडवाट

पक्षकार यांनी बरोबर जागी बोट ठेवलं. मी पुढे जाऊन म्हणतो की ही अख्खी पुनर्प्रकाशनाची चळवळ मला संशयास्पद वाटते.

आफ्रिका, आशिया, लॅटिन अमेरिका इथलं संगीत; लेबलं अ‍ॅमस्टरडॅम, लंडन, सिअ‍ॅटल, शिकागोची. गिऱ्हाईकही तिथलंच. इथून दहा-वीस रुपयांना उचललेली तबकडी तिथे शेकडो डॉलरला जाते, मग तीच 'शोधली' म्हणून पुन्हा छापतात. मर्यादित प्रती काढायच्या, त्या संपल्या की त्यांचाच भाव वाढतो. सिअ‍ॅटलच्या 'सब्लाइम फ्रीक्वेन्सीज'च्या सुरुवातीच्या संकलनांवर श्रेय आणि मोबदला या दोन्ही बाबतीत टीका झाली होती. परदेशी रेडिओवरून, रस्त्यावरच्या कॅसेटींवरून उचललेला आवाज विकायचा आणि मूळ गाणाऱ्याचं नाव नाही. मग गावातल्या एखाद्या पोरानं ते डाउनलोड केलं तर तो चोर, आणि हे संस्कृतीचे रक्षक?

आपलं संगीत आपल्याला परत विकत घ्यायला सांगू नका.

मध्यलय

आडवाट, टीका रास्त आहे आणि ती त्या त्या लेबलवर व्हायलाच हवी. पण सगळ्यांना एका माळेत ओवू नका. 'ऑसम टेप्स फ्रॉम आफ्रिका'चं बघा, कसबापेठींनाही हे उदाहरण लागू पडेल. ब्रायन शिम्कोवित्झ या अमेरिकन माणसानं २००६ साली ब्लॉग काढून आफ्रिकेतल्या बाजारांतून आणलेल्या कॅसेटी फुकट वाटायला सुरुवात केली. पहिल्याच कॅसेटींतली एक घानाच्या आटा काक या गायकाची, जी १९९४ साली जेमतेम काही डझन निघाली होती. लोक वेडे झाले. या माणसाला तिथे थांबता आलं असतं. त्यानं २०११ मध्ये लेबल सुरू केलं, आटा काकला शोधण्यात वर्षं घालवली, आणि २०१५ साली ती कॅसेट रीतसर काढली. नफ्यातला निम्मा वाटा कलाकाराचा, हे त्याचं उघड धोरण आहे. इथिओपियाचे हैलू मेरगिया वॉशिंग्टनला टॅक्सी चालवत होते. २०१३ साली याच लेबलनं त्यांचा जुना रेकॉर्ड काढल्यावर ते पुन्हा मंचावर आले, अजून दौरे करतात.

म्हणजे कसबापेठी म्हणतात तसं फुकटनं दार उघडलं, हे खरं. पण आटा काकच्या हातात पैसे त्या दारातून आपोआप गेले नाहीत. त्यासाठी कुणीतरी त्याला गाठून, करार करून, हिशेब ठेवावा लागला. मी त्या हिशेब ठेवणाऱ्याची बाजू मांडतोय.

आणि 'आपलं संगीत आपल्याला' म्हणाल, तर चरणजित सिंग इतकी वर्षं इथे मुंबईतच राहत होते. आपण कुणी गेलो होतो का त्यांच्याकडे?

निळी पहाट

इतका वेळ वाचत होते. तुमच्या सगळ्यांच्या बोलण्यात एक गृहीतक आहे की कधी ना कधी कुठलं तरी लेबल येणार. आमच्याकडे कुणी येत नाही.

मी भीमगीतांबद्दल बोलतेय. ऐंशी-नव्वदच्या दशकांत छोट्या छोट्या कंपन्यांनी काढलेल्या कॅसेटी, ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर पथारीवर विकल्या जायच्या. वामनदादा कर्डकांची गीतं, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्यासारखे मोठे गायक, आणि त्यांच्याबरोबर जिल्ह्याजिल्ह्यांतले कितीतरी शाहीर-कव्वाल, ज्यांची एखाद-दुसरीच कॅसेट निघाली. तेव्हाच्या मोठ्या कंपनीला या गाण्यांत रस नव्हता. कॅसेट स्वस्त झाली, गल्लीत नक्कल करता येऊ लागली, म्हणून ही गाणी भरली तरी गेली. ज्याला तुम्ही चोरटी नक्कल म्हणता तिच्यावरच आमचं गाणं वस्त्यावस्त्यांत पोचलं. माझ्या वडिलांकडे असलेल्या कॅसेटींपैकी दुकानातल्या पाकिटातल्या थोड्या, बाकीच्या कोऱ्या कॅसेटीवर भरून घेतलेल्या, वर निळ्या शाईनं गाण्यांची यादी.

त्या कंपन्या बंद झाल्या. मास्टर टेप कुठे आहेत कुणाला माहीत नाही. युरोपातल्या संग्राहकाला यात नाचण्याजोगं काही दिसत नाही, तो दुर्मीळ 'फंक' शोधतोय. आज ही गाणी कुठे जिवंत आहेत? यूट्यूबवर, कुणीतरी पोरानं कॅसेट लावून फोनवर भरलेली. त्या पोराला मी फुकट्या म्हणणार नाही. त्यानं आमचा इतिहास वाचवलाय.

तेव्हा 'फुकट की लेबल' हा वाद ज्यांच्या संगीताला गिऱ्हाईक आहे त्यांचा आहे.

जुनी सुई

निळी पहाटताई, तुमचं म्हणणं मनापासून पटलं. फक्त एक विचारायचं आहे. त्या यूट्यूबवरच्या गाण्यांखाली कवीचं नाव असतं का? मी ऐकलेल्या बहुतेकांखाली 'भीमगीते नॉनस्टॉप' एवढंच होतं.

निळी पहाट

बहुतेकांखाली नसतं, हे खरं आहे आणि त्याचं दुःखही आहे. वामनदादांची गीतं दुसऱ्याच्या नावावर फिरतात. गायकाचं नाव तरी गाण्याच्या शेवटच्या कडव्यात किंवा आवाजावरून कळतं. ढोलकी कुणाची, संगीत कुणाचं, हे कॅसेटच्या आतल्या कागदावर असायचं आणि तो कागद कुणी स्कॅन करत नाही. जाहिरातींचे पैसेही ज्यानं चढवलं त्याला जातात, शाहिराच्या घरी नाही. कागदावर नाव असणं म्हणजे काय असतं हे आम्हाला कुणी शिकवायला नको, जुनी सुई.

कसबापेठी

निळी पहाट यांच्या प्रतिसादानंतर माझं म्हणणं थोडं नेमकं करतो. माझा विरोध लेबलांना नाही, 'डाउनलोड करणारा म्हणजे चोर' या सरसकट निकालाला आहे. उत्रेख्तकर, ज्या लेबलनं कलाकाराला वाटा दिलाय आणि डिजिटल प्रत परवडेल अशी ठेवलीय, तिथे मी विकत घेईन. पण प्रती संपल्यावर पुन्हा न छापणारं, डिजिटल प्रतही न ठेवणारं लेबल असेल, आणि तो रेकॉर्ड मग पाचपट भावानं दलालांकडे फिरत असेल, तर तिथे फुकट वाटणाऱ्याच्या बाजूनं मी उभा आहे. लेबलनं हक्क घेतले म्हणजे संगीत कुलूपबंद करायचा परवाना मिळाला असं नाही. कलाकाराला त्या दलालीतून काही जात नाही, मग कुणाचं राखायचं?

मध्यलय

प्रती संपल्या आणि डिजिटलही नाही, अशा ठिकाणी मी भांडणार नाही. पण त्या लेबलला आधी एक पत्र तरी टाका. अनेकदा एकटा माणूस असतो, पुन्हा छापायला भांडवल नसतं. दोनशे लोकांनी आगाऊ मागणी नोंदवली तर छापतोही.

उत्रेख्तकर

आगाऊ मागणीवरून. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर पाठवलेल्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीत आपल्या गोव्याच्या केरीच्या केसरबाई केरकरांची 'जात कहाँ हो' ही भैरवी आहे, हे सगळ्यांना माहीत असतं. ती सर्वसामान्यांसाठी तबकडीच्या रूपात कधी निघालीच नव्हती. 'ओझ्मा रेकॉर्ड्स' नावाच्या छोट्या लेबलनं लोकांकडून आगाऊ वर्गणी गोळा करून, मूळ टेपांवरून, सगळ्या गाण्यांचे परवाने मिळवून २०१७ मध्ये ती काढली. तोपर्यंत नेटवर त्यातली गाणी जोडून केलेल्या फाईली भरपूर होत्या, कित्येकांत चुकीची ध्वनिमुद्रणं घातलेली. तरी दहा हजारांहून जास्त लोकांनी पैसे भरले. फुकट मिळत असूनही लोक पैसे देतात, काम नीट झालंय याची खात्री असेल तर.

आडवाट

केसरबाईंच्या मागे अमेरिकेची अंतराळसंस्था होती. निळी पहाट यांच्या शाहिरांच्या मागे कोण आहे?

जुनी सुई

आडवाट, म्हणूनच हे काम इथल्या माणसांनी करायला हवं. आपल्याकडे शुभा मुद्गल आणि अनीश प्रधान यांनी २००३ साली 'अंडरस्कोअर रेकॉर्ड्स' सुरू करून कलाकारांना स्वतःचं संगीत थेट विकायची वाट करून दिली. पुण्यात अलूरकरांनी शास्त्रीय गायकांच्या मैफली कॅसेटींवर आणल्या, त्या आजही आपण ऐकतो. दोन्ही कामं मोठ्या भांडवलावर झालेली नाहीत.

निळी पहाटताई, माझ्याकडे चांगला कॅसेट डेक आहे. जुन्या कॅसेटींची फीत चिकटली असेल, आतली गादी गळून पडली असेल, तर ती दुसऱ्या कवचात घालून वाजवता येते. वेगही सुधारता येतो. तुमच्या वडिलांच्या कॅसेटी माझ्याकडे आणल्यात तर मी त्या उतरवून देईन, आतल्या कागदांच्या आणि त्या निळ्या शाईच्या याद्यांच्या स्कॅनसकट.

निळी पहाट

आणते. पण माझ्या तीन अटी आहेत आणि त्या सगळ्यांसमोर सांगते, कारण वाद त्याच्यावरच चालू आहे.

ऐकायला सगळ्यांना फुकट. ज्या वस्तीतून हे गाणं आलं तिथल्या पोराला ते ऐकायला कार्ड लागता कामा नये.

कवी, गायक, वादक, सगळ्यांची नावं आधी लागली पाहिजेत. ज्यांची सापडत नाहीत त्यांच्यासाठी नागपूर, औरंगाबाद, नाशिक इथल्या जुन्या गायनपार्ट्यांना विचारून मगच चढवायचं. उशीर झाला तरी चालेल.

आणि उद्या कुठलं लेबल, इथलं किंवा बाहेरचं, या शाहिरांचा रेकॉर्ड काढायला आलं तर जरूर काढू दे, मी स्वतः विकत घेईन आणि चार जणांना घ्यायला लावीन. पण करार त्या शाहिराच्या घरच्यांशी, त्यांना कळेल अशा मराठीत, आणि फुकट ऐकायची सोय बंद करण्याचं कलम त्यात नको. मध्यलय, तुमच्या माहितीतलं एखादं लेबल यावर सही करेल का, ते विचारून सांगा.